जाळं भरलेलं असताना विचारलेला प्रश्न

योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय आम्हा कोळ्यांना कुणी समजावून द्यावा लागत नाही. रात्रभर पाण्यावर, हाती काही नाही. पहाटे किनाऱ्यावरून कुणीतरी ओरडून विचारतो, पोरांनो, काही मिळालं का? होडीतून उत्तर जातं, "नाही." त्या एका "नाही"मध्ये डिझेल, बर्फ, खलाशांची मजुरी आणि घरी वाट बघणारी टोपली असं सगळं असतं. ज्यांनी ते ऐकलंय त्यांना पुढचं प्रवचन थोडं कमी मिळालं तरी चालतं.

२९ जूनला संत पेत्र आणि संत पौल यांचा सण. गोव्यात त्या दिवशी मच्छीमार होड्या एकमेकींना बांधून सांगोड करतात, गाणी, नाटकुली, सगळा गाव काठावर. आमच्या वसईच्या किनाऱ्यावर तेव्हा सामसूम असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, त्यांच्यावर निळं प्लास्टिक, आणि माणसं ओटीवर बसून जाळी नीट करत असतात. मच्छीमारांच्या संताचा सण नेमका जाळी बंद असताना यावा याचं माझ्या पप्पांना फार कौतुक. "त्याला पण सुट्टी पाहिजे की," म्हणतात. पप्पा सगळं आयुष्य तांडेल, म्हणजे होडी चालवणारे प्रमुख, होते. आता गुडघे साथ देत नाहीत, पण शुभवर्तमानातल्या होड्यांविषयीची त्यांची मतं अजून मजबूत आहेत.

सणाच्या आदल्या संध्याकाळच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, हाच एकविसावा अध्याय वाचतात, पण शेवटचा भाग, "तू माझ्यावर प्रेम करतोस का?" तिथून पुढे. म्हणजे मासे गाळून. दरवर्षी पप्पांची हीच तक्रार. मासे गाळले तर त्या प्रश्नाला उरलं काय? आधी मला ही म्हाताऱ्याची हौस वाटायची. आता वाटतं, त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे, आणि का ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

किनाऱ्यावरून विचारणारा तो म्हणजे मरणातून उठलेला येशू; त्याने सांगितलं तिथे जाळं टाकलं आणि १५३ मासे लागले. आधी त्या १५३ माशांचं बघू. विद्वानांनी या आकड्यावर पुष्कळ डोकं चालवलंय. संत ऑगस्टीनने दाखवलं की १ पासून १७ पर्यंतचे सगळे आकडे मिळवले तर १५३ येतात, आणि त्यातून पुढे मोठा अर्थ काढला. पप्पांचा अर्थ छोटा आहे. "मोजलं म्हणजे वाटणी झाली." होडीत माणसं किती होती? पेत्र, थोमा, नथनेल, जब्दीचे दोघे मुलगे, आणखी दोघे. सात. प्रत्येकी एकवीस दिले की एकशे सत्तेचाळीस होतात, उरतात सहा. आणि येशू काय म्हणाला होता? आत्ता धरलेल्यांतले काही इकडे आणा. ते सहा निखाऱ्यांवर गेले. (होडीचा आणि जाळ्याचा वाटा धरला तर हिशेब बिघडतो, पण त्या दिवसापुरता पप्पांनी तो माफ केलाय.) ऑगस्टीनने हे वाचलं असतं तर त्याला हसू आलं असतं, अशी माझी समजूत आहे.

मम्मी काही वर्षांपूर्वी पॅरिशच्या ग्रुपबरोबर पवित्र भूमीला जाऊन आली. गालीलचा समुद्र बघून तिची पहिली प्रतिक्रिया: "हा समुद्र? हे तर तळं." खोटं नाही. लांबी साधारण २१ किलोमीटर, जास्तीत जास्त रुंदी १३, पाणी गोडं, आणि तेही समुद्रसपाटीच्या २०० मीटरहून अधिक खाली. ना भरती, ना ओहोटी. भरतीच्या वेळापत्रकावर आयुष्य काढलेल्या बाईला हे खटकणारच. दुपारी जेवायला तिथे "संत पेत्राचा मासा" म्हणून अख्खा तळलेला मासा देतात. ताटात बघते तर चिलापी. "आपल्याकडे कुणी हात लावत नाही त्याला," असं तिने तिथेच जाहीर केलं आणि लिंबू पिळून सगळा खाल्ला.

तळ्याच्या काठावर तबघा नावाची जागा आहे. पाण्याला लागून काळ्या दगडाचं एक लहानसं देऊळ, फ्रान्सिस्कन लोकांनी १९३३ मध्ये बांधलेलं. आत जमिनीतून वर आलेला खडक आहे. त्या सकाळी येशूने शिष्यांना जेवू घातलं ते इथेच, अशी परंपरा. तिथून थोड्या अंतरावर गिनोसारला एक जुनी होडी ठेवलेली आहे. १९८६ मध्ये दुष्काळात तळ्याचं पाणी मागे हटलं तेव्हा दोघा भावांना ती चिखलात सापडली. येशूच्या काळाच्या आसपासची, आठ मीटरच्या थोडी वर लांब, साधारण सव्वादोन मीटर रुंद. हे माप ऐकताच पप्पांनी ओटीवर पावलं टाकून बघितली. सात माणसं आणि भिजलेलं जाळं मावतं. पण माशांनी भरलेलं जाळं आत ओढून घेतलं तर होडी कलंडेल. म्हणून तर त्यांनी ते तसंच पाण्यातून ओढत किनाऱ्याला आणलं, योहानाने लिहिलंय ते बरोबर आहे. शुभवर्तमान खरं आहे याचा पप्पांकडचा हा सगळ्यात भक्कम पुरावा.

आता पेत्राकडे. जाळं भरलंय, ओढवत नाहीये, आणि योहान त्याला म्हणतो, तो प्रभू आहे. पेत्र अंगावरचं वस्त्र कमरेला गुंडाळतो आणि पाण्यात उडी टाकतो. खलाशांच्या नजरेने बघा. तांडेलच भरलं जाळं टाकून पळाला! बाकीच्यांनी त्या दीड मिनिटात काय काय म्हटलं असेल ते योहानाने लिहिलेलं नाही.

याच तळ्यावर, बहुतेक याच होडीत, आधीही असंच झालं होतं. लूक सांगतो. तेव्हाही रात्रभर काही नाही, येशूच्या शब्दावर जाळं टाकलं, आणि इतके मासे की जाळी फाटायला लागली. तेव्हा पेत्र येशूच्या गुडघ्यांशी पडून म्हणाला होता, प्रभू, माझ्यापासून दूर जा, मी पापी माणूस आहे. त्या वेळी त्याने काय पाप केलं होतं? आपल्या सगळ्यांइतकंच, साधारण. या दुसऱ्या वेळी मात्र त्याच्या नावावर एक नक्की पाप आहे. प्रमुख याजकाच्या अंगणात, दारावरच्या दासीसमोर आणि इतरांसमोर, त्याने तीनदा सांगितलंय की मी त्याला ओळखत नाही. आणि हा माणूस आता "दूर जा" म्हणत नाही, पोहत त्याच्याकडे निघतो. या दोन वेळांच्यामध्ये पेत्राचं काय झालं, याचा विचार मी कितीतरी वेळा करते. एकदा तो इतके मासे बघून घाबरला होता. आता त्याच्या मागे मासे आहेत आणि त्याने मान वळवूनही बघितलं नाही.

किनाऱ्यावर कोळसे पेटलेले. त्याच्यावर मासे आणि भाकर. म्हणजे यांची पकड यायच्या आधीच तिथे मासे होते. प्रभूला यांच्या १५३ माशांची गरज नव्हती, तरी त्याने "तुमचेही आणा" म्हटलं. हे मला फार आवडतं. बाई घरात जेवण तयार ठेवते आणि तरी पोराने आणलेली चार मांदेली कौतुकाने तव्यावर टाकते, तसं.

कोळशांबद्दल प्रवचनांत नेहमी येतं, की अंगणात पेत्र ज्या शेकोटीशी शेकत नाकारत होता तीही कोळशांचीच होती. खरंच आहे, योहानाने दोन्ही ठिकाणी मुद्दाम कोळसे लिहिलेत. त्यावर मी जास्त बोलत नाही, फादर बोलतातच.

मला थांबायचंय ते जेवणानंतरच्या प्रश्नावर. "योहानाच्या मुला शिमोना, यांच्यापेक्षा तू माझ्यावर अधिक प्रेम करतोस का?" (शिमोन हे पेत्राचंच मूळ नाव, आणि हा योहान म्हणजे त्याचा बाप.) यांच्यापेक्षा म्हणजे कुणापेक्षा? बहुतेक जण सांगतात, बाकीच्या शिष्यांपेक्षा, कारण शेवटच्या रात्री पेत्रानेच छाती ठोकून म्हटलं होतं की सगळे अडखळले तरी मी नाही अडखळणार. पटण्यासारखं आहे. पण मी कोळ्याची पोर. त्या क्षणी येशूचा हात कुठे गेला असेल असं मला वाटतं, तर जाळ्याकडे. मोठे मोठे मासे, जाळं न फाटलेलं, मोजून ठेवलेले वाटे, शेजारी होडी, सोबतची माणसं. सगळंच "यांच्या"त येतं.

आणि इथे पप्पांची तक्रार खरी ठरते. रिकाम्या जाळ्याच्या माणसाला "देव की धंदा" विचारलं तर तो देवच म्हणेल, दुसरं आहेच काय त्याच्याकडे? आमच्या किनाऱ्यावर मासळी लागेनाशी झाली की नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, वाढतात, वांद्र्याच्या माऊंट मेरीला गाड्या जातात, आणि हंगाम चांगला लागला की रविवारची मिस्सा "होडी आली नाही अजून" म्हणून चुकते. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही, आमच्याच घरचं सांगते. येशूने पेत्राला विचारण्यासाठी रात्रीचा तो रिकामा प्रहर निवडला नाही. आधी जाळं भरलं, मोजू दिलं, पोटभर खाऊ घातलं, आणि मग विचारलं. हातात काहीतरी आल्यावरच तो प्रश्न टोचतो.

पेत्राचं उत्तर बघा. प्रश्नात तुलना आहे, उत्तरात नाही. "होय प्रभू, तुला माहीत आहे, मी तुझ्यावर प्रेम करतो." यांच्यापेक्षा की त्यांच्यापेक्षा, काही नाही. अंगणातल्या त्या रात्रीने त्याची फूटपट्टी काढून घेतलेली. आणि दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारताना येशूसुद्धा तुलना सोडून देतो, नुसतं "करतोस का?" विचारतो. तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटतं. वाटणारच. पण लक्षात घ्या, एकदाही येशू म्हणत नाही, त्या रात्री असं का केलंस? नाकारण्याचा विषयच निघत नाही. खुलासा नको, शपथ नको. प्रत्येक उत्तरानंतर एक काम मात्र मिळतं. माझी कोकरं चार. माझी मेंढरं पाळ. माझी मेंढरं चार.

यात एक गोष्ट आहे जी मला बरीच उशिरा कळली. पेत्राला माफी इथे मिळालेली नाही, आधीच मिळाली असावी. लूक सांगतो, प्रभू उठल्याच्या त्याच दिवशी शिमोनाला एकट्याला दिसला. पौलही पहिल्या पत्रात करिंथकरांना तेच लिहितो. तिथे दोघांत काय बोलणं झालं, हे चारही शुभवर्तमानांत कुठेच नाही. ते त्यांचं त्यांच्यात राहिलं. किनाऱ्यावरचं मात्र सहा जणांच्या समोर झालं. ज्यांनी पेत्राची बढाई ऐकली होती, त्यातल्या काहींनी तरी ती नाकारल्याची बातमीही ऐकली असणार, त्यांच्यासमोर त्याच्या हातात मेंढरं दिली. माफी एकांतात झाली, पण काम परत मिळालं चारचौघांत.

येशूला धरून देणाऱ्या यहूदाचं मला नेहमी वाईट वाटतं, इथे तो आठवल्याशिवाय राहत नाही. तोही त्याच रात्री पडला. त्यालाही पश्चात्ताप झाला, त्याने तीस नाणी परत नेली, मी निर्दोष माणसाचा घात केला हे तोंडाने कबूल केलं. पण तो गेला कुणाकडे? ज्यांनी त्याला पैसे दिले होते त्यांच्याकडे. त्यांनी सांगितलं, आम्हाला काय त्याचं, तुझं तू बघ. पेत्र निदान आपल्या माणसांत राहिला. "मी मासे धरायला जातो" म्हणाला, तेव्हा "आम्ही पण येतो" म्हणणारी सहा माणसं त्याच्याजवळ होती.

माझ्या काकांची गोष्ट सांगते, त्यांची हरकत नाही. नाव देत नाही, गावात सगळ्यांना ठाऊक आहेच.

बोटींना डिझेलवरचा परतावा सरकारकडून येतो तो मच्छीमार सोसायटीमार्फत, आणि येतो तेव्हा उशिरा येतो. काका तेव्हा आमच्या इथल्या सोसायटीचे हिशेब बघायचे. एका वर्षी परताव्यातले काही पैसे त्यांनी स्वतःच्या होडीच्या इंजिनाला वापरले, पुढचा हप्ता आला की भरून टाकू या हिशेबाने. पुढचा हप्ता आलाच नाही वेळेवर. नाखव्यांनी, म्हणजे होड्यांच्या मालकांनी, वही मागितली आणि सगळं बाहेर आलं. काकांनी होडी विकली, इंजिनासकट, आणि पै न् पै भरली. फादरांकडे कन्फेशनला गेले. पोलिसांत कुणी गेलं नाही. प्रकरण मिटलं, असं सगळे म्हणाले.

मिटलं कसं ते मी बघितलंय. काकांना कुणी वाईट बोललं नाही. रस्त्यात भेटले की विचारपूस करायचे. पण लग्नात चारजण वाढायला, आहेर लिहायला, बर्फाचा हिशेब ठेवायला उठले की काकांना म्हणायचे, "तुम्ही बसा हो, आम्ही बघतो." इतक्या प्रेमाने म्हणायचे की रागही धरता येऊ नये. काका बसायचे. मग मिस्सेलाही आत न येता बाहेर ओसरीत, चपलांच्या रांगेजवळ उभे राहायला लागले. दुसऱ्याच्या होडीवर तांडेल म्हणून जायचे, उत्तम मासळी आणायचे, आणि वाटणीच्या वेळी मुद्दाम लांब जाऊन बिडी ओढायचे. मोजणीजवळ उभं राहायचं नाही, म्हणून.

अशी कित्येक वर्षं गेली. मग एका जुलैत, ऑगस्टमधल्या होड्यांच्या आशीर्वादाची तयारी चालली होती. नव्या हंगामात दर्यात उतरण्याआधी फादर येऊन होड्यांना आशीर्वाद देतात, त्यासाठी घरोघर वर्गणी काढतात. मिस्सा सुटल्यावर सगळे देवळाच्या अंगणात. एक म्हातारे नाखवा, ज्यांचे त्या परताव्यात सगळ्यात जास्त पैसे अडकले होते, पावती पुस्तक आणि कापडी पिशवी घेऊन सरळ ओसरीत गेले आणि दोन्ही काकांच्या हातात दिली.

"तू जा या वर्षी."

काका म्हणाले, "मी?"

"मग कोण? तुला सगळी घरं ठाऊक आहेत."

पुढे एक शब्द नाही. तुझ्यावर पुन्हा विश्वास ठेवतोय, असलं भाषण नाही. मी तिथेच होते. चार-पाच जणांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. नाखवांनी कुणाला विचारलं नव्हतं, आणि त्यांच्या पैशांचा विषय असल्यामुळे कुणाला काही बोलताही आलं नाही.

मला त्यांनी नंतर कधी याचं कारण सांगितलं नाही. पण एवढं मला माहीत होतं, काकांनी होडी विकली त्या वर्षी मासळी चांगली लागली होती. होडी ठेवून, हप्ते मागून, रडून-कढून त्यांना ती वाचवता आली असती. सोसायटीतले अर्धे लोक थांबायला तयार होते. काकांनी थांबवलं नाही. भरलेल्या जाळ्याची होडी त्यांनी दिली. नाखवांनी ते बघून ठेवलं असावं.

यानंतर पेत्र सुधारला, कधी चुकला नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पौल गलतीकरांना लिहितो की अंत्युखियात पेत्र आधी बिगरयहुदी बंधूंबरोबर जेवायचा, आणि यरुशलेमहून याकोबाकडची, अशा पंगतीला नाकं मुरडणारी माणसं आली तेव्हा घाबरून बाजूला झाला. पौलाने त्याला तोंडावर सुनावलं. म्हणजे माणूस तोच, लोक काय म्हणतील ही भीतीही तीच, अंगणातली. पण तेव्हा कुणी त्याच्याकडून मेंढरं काढून घेतली नाहीत. आणि शेवटी रोममध्ये, नीरोच्या काळात, त्याने जीव दिला, अशी चर्चची परंपरा आहे.

त्याचं सूतोवाच येशूने किनाऱ्यावरच केलं होतं. तू म्हातारा होशील, हात लांब करशील, दुसरा कुणी तुला बांधून नको तिथे नेईल. माझ्यामागे ये. इतकं भारी बोलणं ऐकल्यावर माणसाने काय करावं? पेत्र मागे वळतो, येणाऱ्या योहानाकडे बोट करतो आणि विचारतो, प्रभू, याचं काय? आत्ताच परत उभा केलेला माणूस, पहिलं पाऊल टाकण्याआधी शेजाऱ्याची चौकशी. येशूचं उत्तर: तुला काय त्याचं? तू माझ्यामागे ये.

हे वाचताना मी दर वेळी हसते, कारण काका वर्गणी करून परत आले तो दिवस मला आठवतो. अंगणात टेबल मांडलेलं. काकांनी पिशवी ओतली, नोटा सरळ केल्या, एकदा मोजल्या, परत मोजल्या, पावत्यांशी ताळा लावला. पै न् पै बरोबर. सगळे बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते. काकांनी पैसे नाखवांकडे सरकवले, कपाळावरचा घाम पुसला आणि पहिलाच प्रश्न विचारला:

"वरच्या आळीचं किती जमलं?"

नाखवा चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुला काय करायचंय? तुझ्या पाच घरांच्या पावत्या राहिल्यात, त्या फाडून ये."